तांबूस केसांची पाहुणी

फार फार वर्षांपूर्वी, माणसे पायी चालत आणि बातम्याही त्यांच्याबरोबर पायीच येत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही ऐकावी.

एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. गाव वाईट नव्हते. तिथली माणसे देवाला भीत, दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवत नसत. मात्र घाटापलीकडचे माणूस त्यांनी क्वचितच पाहिले होते.

एकदा बाजाराच्या दिवशी, सकाळीच, एक बाई घाट उतरून धावत आली. तिचे केस नव्या तांब्याच्या घागरीसारखे तांबूस होते. डोळे राखाडी, गोऱ्या तोंडावर असंख्य बारीक ठिपके आणि अंगात जाड लोकरीचा पायघोळ झगा.

"अगं बया, हिचे केस तरी बघा!" कुणीतरी ओरडले. तराजू खाली ठेवले गेले, सौदे अर्धे राहिले आणि सारा बाजार तिच्याभोवती गोळा झाला.

बाई भराभर काहीतरी सांगू लागली. तिची भाषा कुणालाच कळेना, पण ऐकायला गंमत वाटली. पोरे तिच्या बोलण्याची नक्कल करू लागली. तिने घाटाकडे बोट दाखवले. "तिकडून आलीय म्हणते," एक जण म्हणाला. तिने हात जोडले. "बघा, नमस्कारसुद्धा येतो हिला!" बायका कौतुकाने म्हणाल्या. तिने गावच्या पाटलांचे मनगट धरून ओढले, तसे पाटील लाजून मागे सरले आणि लोक खो खो हसले.

शेवटी ती धुळीत गुडघे टेकून बसली. "तिच्या मुलखाची रीत असेल," पाटील म्हणाले.

कुणी तिच्या केसांना हळूच हात लावून पाहिला. कुणी तिच्यापुढे केळी ठेवली, ती कशी खाते ते बघायला. तिने केळ्यांकडे पाहिलेही नाही. कुणीच तिच्याशी वाईट वागले नाही. सगळे तिला नुसते पाहत होते, आणि पाहता पाहता दुपार कलली.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारी फुटाणे भाजून विकत असे. गर्दी कसली ते पाहायला तीही आली. पण ती ठेंगणी, आणि पुढे माणसांची भिंत. तिला काहीच दिसेना, फक्त आवाज ऐकू येई. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग कोपरांनी वाट काढत ती पुढे घुसली.

"सरा बाजूला!" ती ओरडली. "हसताय काय? ती मदत मागतेय. माझा धनी पुरात वाहून चालला होता, तेव्हा काठावर मी अशीच टाहो फोडत होते."

"तुला तिची भाषा कळते?" पाटलांनी विचारले.

"ह्याला भाषा कशाला लागते?"

म्हातारीने बाईला पाणी पाजले, पदराने तिचे तोंड पुसले आणि घाटाकडे हात करून म्हटले, "चल माये, दाखव."

तेव्हा कुठे पुरुषांनी दोर घेतले, बाज घेतली आणि सगळे तिच्यामागून घाट चढू लागले. दिवस मावळता मावळता एका घळीत त्यांना तिचा नवरा सापडला. दरड कोसळून त्याचे पाय मोठ्या धोंड्याखाली अडकले होते. लोकांनी जिवाच्या आकांताने धोंडा लोटला. अंग अजून कोमट होते, पण श्वास थांबला होता.

"सकाळीच निघालो असतो तर..." पाटील बोलू लागले. मग त्यांनी डोक्यावरचे पागोटे उतरवले.

बाई रडली नाही. नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन ती बसून राहिली. भोवती सारा गाव उभा होता, पण आता तिच्याकडे पाहण्याची कुणाची छाती होईना.

पुढे काही दिवस ती म्हातारीच्या झोपडीत राहिली. मग घाटापलीकडे जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा आला, तेव्हा तिने त्यांच्याबरोबर जायचे ठरवले. निघायच्या वेळी गावातल्या बायकांनी वाटेसाठी भाकरी बांधून आणल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने म्हातारीला घट्ट मिठी मारली, तिच्या हातचे मूठभर फुटाणे झग्याच्या खिशात घातले आणि ती चालू लागली.

भाकरीची गाठोडी तशीच पडून राहिली. ती परत उचलून घरी न्यायला कुणाचाच हात पुढे होईना.

तात्पर्य : अनोळखी माणूस समोर आला, तर तो कसा दिसतो ते मागाहून पाहावे, त्याला काय हवे आहे ते आधी जाणून घ्यावे.