सामंतबाईंच्या गाडीचा पिवळा दिवा

मला सांगा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? गप्प बसणाऱ्यावर, की कुरकुरणाऱ्यावर?

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो मी, मिरजेत. शाळा फार झाली नाही. जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांकडून आणि गिऱ्हाइकांना टोप्या घालणाऱ्यांकडून. आमच्या पेठेत एक घड्याळवाला होता. त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवायची, दहा वाजून दहा मिनिटं. रांगेनं लावलेली, दिसायला झकास. कुणी वेळ विचारली की हा मात्र समोरच्या चहावाल्याला हाक मारायचा.

असो. सांगायचं होतं ते उस्तादांचं.

माझ्या दुकानाला लागूनच इब्राहिम शिकलगार उस्तादांचं गॅरेज. अंगानं आडवे, जिभेनं तिखट आणि बसायला एक वेताची खुर्ची. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा स्वतःचं गॅरेज काढायचा, तेव्हा एक रीत होती. एकट्यानं उभी केलेली पहिली गाडी उस्तादांच्या दारात आणायची. उस्ताद गाडी बघणार आणि पटली तर नारळ फोडणार. मगच पोरानं आपल्या बोर्डावर खाली लिहायचं, 'उस्ताद इब्राहिम यांचे शागीर्द'. ती ओळ असली की मोठ्या गाड्यांची गिऱ्हाइकं डोळे मिटून किल्ली देत.

नारळ न फोडता परत पाठवलेलेही होते. त्यातल्या एकानं पुढं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ टाकलं. बरं चालतं.

किरण कुंभोजे हा उस्तादांचा लाडका. हात सोन्याचा, पण तो सोन्याचा आहे हे त्याला जरा जास्तच माहीत. त्याच्या गॅरेजचा बोर्ड रंगवून झाला होता, खालची ओळ तेवढी कोरी. आणि त्याच्याकडे आली सामंतबाईंची गाडी.

हेमलता सामंत म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या मिरजेला त्यांनी ओणवं केलेलं. त्यांचे यजमान डॉक्टर; ते हयात असताना त्यांनी हौसेनं घेतलेली ही परदेशी बनावटीची लांबलचक गाडी. आत लाकडी पट्ट्या, चामड्याच्या गाद्या, दार लावलं की बाहेरचा आवाज बाहेरच. डॉक्टर गेले, आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. आता बाईंना तीच गाडी स्वतः चालवत आंबोली घाटानं सावंतवाडीला बहिणीकडे जायचं होतं. पेन्शनीतून साठवलेले पैसे त्यांनी किरणसमोर ठेवले आणि सांगितलं, एवढेच आहेत, याच्यापुढं मागायचं नाही.

तेवढ्यात त्या गाडीचं एक पुढचं दारही आलं नसतं. पण किरणनं पैज मारल्यासारखं काम केलं. गाद्यांचं चामडं कोल्हापुरातल्या चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतलं. फुगलेल्या लाकडी पट्ट्या आमच्या मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्याकडे नेल्या. त्यानं लाखेचं पॉलिश करून अशा दिल्या की माणसानं तार छेडून बघावी. चाकांच्या सांध्यांतले रबरी बुश झिजले होते, ते साखर कारखान्याच्या वर्कशॉपातून नवे ओतून आणले. बाकीचं भंगारातून शोधून मी पुरवलं.

एकच वस्तू मला मिळाली नाही. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जागच्या जागी अडकू नयेत म्हणून त्या गाडीत एक डबा असतो. तो मेलेला होता. पुण्यापर्यंत विचारलं. जो मिळत होता, त्याची किंमत बाईंच्या सगळ्या पैशांहून जास्त. किरणला तसं सांगितलं. तो म्हणाला, बघतो मी.

महिन्याभरानं गाडी उस्तादांच्या दारात आली.

काळी, तेल लावलेल्या पाटीसारखी चकचकीत. चालवत आणली बाईंनीच. गुडघ्याला पट्टा, डोळ्याला गॉगल. मागून किरण, हातात नारळ, अंगात इस्त्रीचा शर्ट. रस्त्यावरचे चारजण थांबले.

उस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. गादीवर हात फिरवला. लाकडी पट्टीला नाक लावलं आणि किरणला विचारलं, ही गाडी आहे की मैफल. किरण लाजला. मी मनात म्हटलं, फुटला नारळ.

मग उस्ताद बाईंच्या शेजारच्या सीटवर बसले. किल्ली फिरवायला सांगितली. समोरच्या काचेमागचे दिवे लागले, लाल, हिरवे, पिवळे. बाईंनी गाडी सुरू केली, दिवे विझले.

"पुन्हा," उस्ताद म्हणाले.

बाईंनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. दिवे लागले, विझले.

"पुन्हा."

"उस्ताद, मी ड्रायव्हिंगची परीक्षा पास झालेली आहे," बाई म्हणाल्या.

तरी बाईंनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली; दिवे लागले, विझले. उस्ताद खाली उतरले. किरणनं नारळ पुढं केला. त्यांनी तो घेतला, कानाशी नेऊन हलवला... आणि तसाच काखेत धरला.

"बाई, आज नको. आज अमावस्या आहे."

"परवाच पौर्णिमा झाली, उस्ताद."

उस्ताद खाकरले. मला म्हणाले, बाईंना आत बसवा, चहा सांगा, आलं घालून. मी बाईंना दुकानात पंख्याखाली खुर्ची दिली, पेपर दिला आणि मागच्या पावली दारात आलो. धंदेवाल्या माणसाला एक कान बाहेर ठेवायची सवय असते.

गाडीपाशी ते दोघंच होते.

"छान केलीस," उस्ताद म्हणाले. "इतकी छान, की बिचारीची बोलतीच बंद झाली."

किरण खाली बघायला लागला.

"तेलाचा दिवा आणि ब्रेकच्या डब्याचा दिवा, दोघे एकदम विझतात. तिन्ही वेळा एकदम. सख्खे भाऊसुद्धा एवढे एका मताचे नसतात रे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा मेलेला, म्हणजे त्याचा पिवळा दिवा सतत जळायला हवा. किरणनं त्या दिव्याची तार त्याच्या जागेवरून काढून तेलाच्या दिव्याला जोडली होती. तेलाचा दिवा गाडी सुरू झाली की विझतो, त्याच्याबरोबर हाही विझायचा. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे.

किरणनं मान वर केली. तो हळू आवाजात, पण भराभर बोलत होता. ब्रेक पक्के आहेत, म्हणाला. डबा नसलेल्या गाड्या लोकांनी जन्मभर चालवल्या. बाईंकडे त्याचे पैसे नाहीत आणि त्या कुणाकडून घेणारही नाहीत. मग डॉक्टरांच्या सीटवर बसून त्यांनी रोज तो पिवळा डोळा बघायचा? त्यांचा जीव टांगणीला लागेल. गाडी पुन्हा चिंचेखाली जाईल.

"मी फसवलं नाही, उस्ताद. त्या कामाचा एक पैसा घेतलेला नाही."

"ते तर अजून वाईट."

"वाईट?"

"पैसे घेतले असतेस तर पावतीवर डब्याचं नाव आलं असतं, आणि कधीतरी बाई भांडायला आल्या असत्या. आता कशावरून भांडतील?"



समोरून एक टेम्पो गेला. त्याची धूळ गाडीच्या काळ्या बॉनेटवर बसली. किरणनं सवयीनं बाहीनं ती पुसली, आणि पुसतच राहिला...

उस्तादांनी काखेतला नारळ काढून त्याच्या हातात दिला.

"घे. तूच फोड. बोर्डावर माझं नाव लिही. मी कुणाला काही सांगायचा नाही. तुझा हात मला माहीत आहे, आणि ही वस्तू खरंच देखणी झाली आहे."

एवढं बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. डोळे मिटले.

आता हे मी उस्तादांचं मोठेपण म्हणून सांगत नाही. मला तर त्या वेळी राग आला होता. रागवावं, एक थोबाडीत द्यावी, मोकळं व्हावं. पोराला असं उघड्यावर सोडतात का?

किरण नारळ घेऊन रस्त्याच्या कडेच्या दगडापर्यंत गेला. हात वर केला.

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

हात तसाच खाली आला. किरणनं नारळ बॉनेटवर ठेवला, इस्त्रीचा शर्ट काढून आरशाला अडकवला, आणि पक्कड घेऊन डोक्यासकट गाडीत शिरला. बाहेर नुसते पाय दिसत होते. उलटा झोपून तो बराच वेळ काहीतरी खुडबुडत होता. बाहेर आला तेव्हा बनियन काळं झालेलं. सरळ माझ्या दुकानात आला.

बाई शब्दकोडं सोडवत होत्या.

तो त्यांच्यासमोर उभा राहिला, अगदी वर्गात उभा राहावा तसा. सगळं सांगितलं. तो डबा काय करतो, तो का मेलाय, त्याला काय पडतं. दिवा आपण कसा बुजवला तेही. ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबलात तर चाकं अडकतील, म्हणाला, गाडी घसरेल आणि वळवली तरी वळणार नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

बाईंनी गॉगल काढला.

"म्हणजे हे मला कळू नये म्हणून तू दिवा विझवलास?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, बाई."

"कुंभोजे, माझ्या शाळेत असतास तर दोन तास बाकावर उभा केला असता."

"हो, बाई."

बाई पेपरची घडी घालत राहिल्या. खूप बारीक घडी घातली. मग म्हणाल्या, आमच्या डॉक्टरांच्या पहिल्या फियाटला कुठला आला होता डबा. त्यांनी मला असंच शिकवलं होतं, दाबायचं, सोडायचं. घाट मी दिवसाउजेडी उतरेन, आणि पावसाळ्यात जाणारच नाही.

"आणि दिवा?" किरणनं विचारलं.

"जळू दे. मीसुद्धा गुडघ्याला पट्टा बांधूनच हिंडते की. कुणी विचारलं तर सांगते."

त्या उठल्या, गाडीत बसल्या. गाडी सुरू केली. बाकीचे दिवे विझले. पिवळा तेवढा राहिला, लाकडी पट्टीच्या वर, त्या लाखेच्या पॉलिशात त्याचं प्रतिबिंब.

तेवढ्यात वेताची खुर्ची करकरली. उस्ताद उठले, बॉनेटवरचा नारळ उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत दगडावर आपटला. दोन शकलं झाली, पाणी चाकावर उडालं. बाईंनी हॉर्न वाजवला आणि गाडी निघाली. कोपऱ्यावर वळताना ब्रेक लावला तो बघण्यासारखा होता. दाबला, सोडला, दाबला.

किरण त्या दिशेनं बघत उभा होता. मग शर्ट घेण्यासाठी त्याचा हात पुढं गेला. पण शर्ट आरशाला होता आणि आरसा गाडीबरोबर कोपऱ्यापलीकडे. मी हसलो. उस्ताद हसले नाहीत. नखानं खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांनी त्याला दिला.

"उस्ताद," तो म्हणाला, "सगळे दिवे विझले होते तेव्हा तुम्ही नारळ फोडला नाहीत. आता एक जळतोय, तर..."

"खा आधी."

त्यानं खाल्लं.

"मग बोर्डावर तुमचं नाव लिहू?"

"नाव लिही नाहीतर लिहू नकोस, त्याला रंगारी आहे," उस्ताद खुर्चीकडे वळत म्हणाले. "हिशोब तेवढा खरा ठेव, बेटा. पावतीवर आधी लिही, काय जमलं नाही. जमलेलं खाली लिही... जागा उरली तर."