शून्य चिंचोक्यांचा सिनेमा

गोदाकाठच्या एका गावात शांतवनराव आढाव नावाचे ख्रिस्ती मंडळीचे एक पंच राहत. मंडळीनं कोणता सिनेमा पाहावा आणि कोणता नाही, हे तेच ठरवत. त्यांची रीत अशी: टॉकीजला नवा सिनेमा लागला की पहिला खेळ एकट्यानं बघायचा. उजव्या खिशात मूठभर चिंचोके. पडद्यावर दारू, चुंबन, रक्त, शिवी काहीही आलं की एक चिंचोका डाव्या खिशात. दहाच्या वर गेले की सिनेमा बाद, आणि तसा कागद चर्चच्या फळ्यावर. प्रवचनातसुद्धा त्यांचं एवढं लक्ष नसे.

एका दारुड्याचा सिनेमा लागला. मध्यंतरापर्यंतच अकरा चिंचोके झाले. शांतवनराव तिथूनच उठले आणि बाद केला.

त्याच सुमारास त्यांची लेक सुवार्ता माहेरी आली होती. नांदायला परत जायचं नाही म्हणत होती, कारण मात्र सांगत नव्हती. "ख्रिस्ती घरात लग्न मोडत नसतं," एवढंच शांतवनराव म्हणाले आणि सोमवारी तिला न्यायला ये, असा जावयाला निरोप धाडला.

पुढचा सिनेमा शून्य चिंचोक्यांचा निघाला. शनिवारी दुपारी सगळी मंडळी बायकापोरांसह तो पाहायला गेली. त्यात नायक उलट बोलणाऱ्या बायकोच्या मुस्काटात मारतो आणि ती लाजून त्याच्या पाया पडते. टॉकीज हसलं. शांतवनरावही पोट धरून हसले.

सुवार्ता उठून बाहेर गेली. तेही मागोमाग गेले.

"बाबा, या थपडेचा चिंचोका का नाही टाकला?"

"अगं, नवरा-बायकोतली गंमत ती. त्यात कसलं पाप?"

सुवार्तानं बाही वर केली. दंडावर काळेनिळे वळ होते.

"तिकडंही सगळे असेच हसतात. सासूसुद्धा. तुम्ही बाद केलात ना, तो दारुड्याचा सिनेमा मी सासरी ह्यांच्याबरोबर पाहिला होता. बायकोला मारणारा तो माणूस शेवटी ढसाढसा रडतो. त्यानंतर चार दिवस ह्यांचा हात उठला नाही."

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर शांतवनराव अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. जावयाची चूक होतीच, पण आपण हसलो होतो, हे त्यांना चैन पडू देईना.

सोमवारी जावई जयवंत आला.

"सलाम, मामा. झाली का हिची तयारी?"

"ती येणार नाही."

जयवंत हसला. "थोडंफार चालायचंच की घरात."

"चालायचं नाही," शांतवनराव म्हणाले. "आजवर चाललं, कारण माझ्यासारखी माणसं हसत आली. पाळकसाहेबांना आणि बाकीच्या पंचांना बोलावलंय. जे केलंस ते त्यांच्यासमोर सांग."

जयवंत आल्या पावली परत गेला. आत भाकरी थापता थापता सुवार्ता मोठ्यानं रडत होती. शांतवनराव तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं, बाळ."

तात्पर्य: सिनेमात पाप किती वेळा दिसलं, यावरून तो चांगला की वाईट ते ठरत नाही. पापाची लाज वाटायला लावतो की त्यावर हसायला लावतो, ते पाहावं. आणि आपण कशावर हसलो, हे आधी पाहावं.