बाहेरची चावी

"पण विश्वास ठेवायचा तरी कुणावर, उस्ताद?"

खरवंडीकर निवृत्त तहसीलदार. दिवाळीत त्यांच्या घरी चोरी झाली. चोराने कुलूप तोडलं नव्हतं, चावी लावून उघडलं होतं. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

कासमचाचांनी चाळीस वर्षं संगमनेरात कुलपं बनवली. आता बोटं वळत नव्हती. कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून ते अंगणात उन्हाला बसले होते.

"नव्या कुलपासाठी किती जणांना भेटलात?"

"चौघांना. कसून चौकशी केली. एकाकडे पोलिसांचा दाखला आहे. दुसऱ्याने बँकेत लॉकर बसवलेत. तिसरा म्हणतो, तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही असं कुलूप देतो."

"आणि चौथा?"

"बाई आहे. शोभा म्हणून. तिला वाटेला लावलं."

"का?"

"आगाऊ! दार बघायचं सोडून विचारते, घरात कोण कोण? म्हटलं, एकटा. तर म्हणे, आत पडलात-बिडलात तर बाहेरून कोण उघडणार? आधी त्याचं नाव सांगा, मग काम घेते."

चाचांनी पाण्यातली बोटं चोळली.

"तिलाच बोलवा."

"ओळखता तिला?"

"नाही."

खरवंडीकर वैतागले. "मग तिला कुणाचं नाव सांगू?"

"तुमच्या घराची दुसरी चावी कुणाकडे असायची?"

"मुलाकडे... चोरीनंतर काढून घेतली. पोलिसांना संशयित म्हणून त्याचंही नाव दिलं होतं."

"चोर सापडला?"

"सापडला. कुलूप बसवणाराच निघाला. चावीचा ठसा ठेवून घेतला होता त्याने."

"मग मुलाला चावी परत दिलीत?"



"तो येत नाही आता."

"बोलावलंत?"



शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बंद केला. चाचांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना झोप लागली की काय, असं वाटलं.

"उस्ताद," खरवंडीकर हळूच म्हणाले, "दुसरी चावी तुम्हीच ठेवा. तिला तुमचं नाव सांगतो. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

चाचांनी हात पाण्यातून काढले. लुंगीला पुसले. मांडीवरच ठेवले.

"मी ब्याऐंशीचा आहे, साहेब... मी गेल्यावर कुणाला हाक माराल?"