यसूमावशीच्या कानातली गाणी

आटपाट जंगल होतं, आणि तिथे नुकतंच मोबाइलचं नेटवर्क आलं होतं. त्या जंगलात यसूमावशी नावाची म्हातारी सशीण राहायची. कान हे एवढे लांब, पण ऐकू यायचं जेमतेम. कानाचं मशीन लाव म्हटलं की फणकारायची, "सशाच्या जातीला मशीन? अख्खं जंगल तोंडात शेण घालेल माझ्या!"

शेवटी शेजारच्या खारीने तिला बिनवायरचे इअरबड्स आणून दिले. "मावशे, यात गाणी वाजतात, तसा समोरच्याचा आवाजही मोठा होतो. कुण्णाला कळायचं नाही." मावशीने ते लावले आणि बिळाबाहेर ऊन खात बसली.

तेवढ्यात कोल्हा-कोल्हीण तिथे आले. मावशीचे कान बघून कोल्हा फिदीफिदी हसला. "म्हातारीला या वयात गाण्यांचा नाद लागलाय! आता बोल बिनधास्त. उद्या सकाळी तू पुढच्या दारात आरडाओरडा कर. ती बोरीखालच्या मागच्या दाराने पळेल, तिथे मी तोंड उघडून बसतो."

मावशीने शब्दन् शब्द ऐकला. पण डोळे मिटून ती तालात मान डोलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोल्हिणीने ओरडा केला. मागच्या दारातून धडपडत बाहेर आलं ते मावशीकडे पाहुणचाराला आलेलं साळिंदर, आणि तेही पाठमोरं.

तोंडभर काटे घेऊन कोल्हा बोंबलला, "थेरडे, तुला सांगितलं कुणी?"

मावशीने कानाशी हात नेला. "अं? जरा मोठ्याने बोला, कोल्हेभावजी. गाणं चालू आहे."