किटलीतलं पिल्लू

हे सांगायचं नव्हतं मला. शेजारच्या आर्थर आजोबांनी बजावलं होतं. पण तुम्ही छोटे आहात. तुम्ही हळू बोलता. म्हणून सांगते.

इथे इंग्लंडमध्ये आजोबांची एक बाग होती. बागेला झाडांचं हिरवं कुंपण होतं. कुंपणात एक जुनी किटली. किटलीत घरटं. घरट्यात एक पिल्लू.

पिल्लाचा बाबा रॉबिन. एवढासा पक्षी. छाती लाल-लाल.

एकदा रॉबिनला गांडूळ सापडलं. ते चोचीतून निसटलं. सुळ्ळकन मातीत गेलं. माती घट्ट. चोच दुखली.

रॉबिन आर्थर आजोबांकडे गेला. टुप टुप टुप.

"आजोबा आजोबा, माती खणा.
खणणं नाही, तर गांडूळ नाही.
गांडूळ नाही, तर पिल्लू उपाशी."

आजोबा म्हणाले, "चहाच्या आधी फावडं? छे. आधी चहा."

रॉबिन एडिथ आजीकडे गेला. टुप टुप टुप.

"आजी आजी, चहा करा.
चहा नाही, तर खणणं नाही.
खणणं नाही, तर गांडूळ नाही.
गांडूळ नाही, तर पिल्लू उपाशी."

एडिथ आजी म्हणाली, "नुसता चहा कसा देऊ? सोबत स्ट्रॉबेरी हवी. ती पलीकडच्या मेबल आजीकडे. आणि ती रुसलीये."

रॉबिन मेबल आजीकडे गेला. टुप टुप टुप.

"आजी आजी, स्ट्रॉबेरी द्या.
स्ट्रॉबेरी नाही, तर चहा नाही.
चहा नाही, तर खणणं नाही.
खणणं नाही, तर गांडूळ नाही.
गांडूळ नाही, तर पिल्लू उपाशी."

मेबल आजी म्हणाली, "नाही देणार. हे कुंपण बघ. किती वाढलंय. सगळ्यांची कुंपणं कशी सरळ. आर्थर आळशी झालाय. आधी कुंपण कापा."

रॉबिन मोठ्या कात्रीकडे गेला. टुप टुप टुप.

"कात्री कात्री, कुंपण काप.
कापणं नाही, तर स्ट्रॉबेरी नाही.
स्ट्रॉबेरी नाही, तर चहा नाही.
चहा नाही, तर खणणं नाही.
खणणं नाही, तर गांडूळ नाही.
गांडूळ नाही, तर पिल्लू उपाशी."

कात्री म्हणाली, "मी नाही कापणार. कुंपणात घरटं आहे. पिल्लू उडेपर्यंत कात्री खुंटीवर. आजोबांनीच टांगलंय मला."

"कोणाचं पिल्लू?"

"किटलीतलं."

रॉबिनने टुणकन उडी मारली. मग म्हणाला, "ते तर माझं."

तो भुर्रकन मेबल आजीकडे उडाला. "आजी, कुंपण नका कापू. या. बघा."

आजी वाकली. किटलीत डोकावली. आतून आवाज आला, "ची."

"आर्थर," आजीने कुंपणापलीकडे हाक मारली, "मला सांगायचं नाही का?"

"गुपित होतं."

"मी तुला आळशी म्हणत होते."

"ऐकलंय. कुंपणातून सगळं ऐकू येतं."

आजी हसली. "राहू दे वाढलेलं."

मग काय झालं?

मेबल आजीने स्ट्रॉबेरी दिली. टपोरी टपोरी.
एडिथ आजीने चहा केला. बुडबुड बुडबुड.
आजोबांनी चहा प्यायला. फुर्र फुर्र.
फावड्याने माती खणली. खच्च खच्च.
गांडूळ वर आलं. वळवळ वळवळ.
रॉबिनने उचललं. पिल्लाला दिलं.

गट्टम.

आता मेबल आजीही कोणाला सांगत नाही. मी मात्र तुम्हाला किटलीची जागा सांगते. आजोबांच्या फाटकातून आत जायचं. डावीकडे वळायचं.

"शर्वाणी, जेवायला ये गं."

आले, आई. तर डावीकडे वळायचं, आणि मग तिसऱ्या... आले गं, आई! बाकीचं उद्या.