राजवाड्याकडे चालत आलेला डोंगर

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे पोपटाचा भाग खरा आहे. बाकीचं मला पोपटानंच सांगितलं.

एका राज्यात मेघसेन नावाचा राजा होता. त्याच्या दरबाराला दोन दारं होती, एक संकटाचं आणि एक संधीचं. काही नवीन घडलं की पोपट कारभारी ठरवायचा, बातमी कुठल्या दारातून आत घ्यायची. संकटाच्या दारातून आली की सेनापती उठायचा, संधीच्या दारातून आली की खजिनदार. राजाला फक्त मान हलवायची असायची.

तीन वर्षांपूर्वी इंदुमती राणी नाहीशी झाली, तेव्हा ती बातमी संकटाच्या दारातून आली. सेनापतीनं शेजारचं राज्य जिंकलं. राणी तिथे नव्हती. राजा तेव्हापासून एकटाच जेवत असे.

एके दिवशी एक डोंगर राजवाड्याकडे चालत आला.

"कुठलं दार?" राजानं विचारलं.

"डोंगर मावेल असं एकही नाही, महाराज," पोपट म्हणाला. "दोन्हींतून थोडा थोडा घेऊ."

आधी सेनापतीनं तोफा डागल्या. डोंगर शिंकला आणि पुढे आला. मग खजिनदारानं डोंगरावर पाटी ठोकली, 'जागा विकणे आहे'. डोंगरानं अंग झटकलं, गिऱ्हाइकं तळ्यात पडली. डोंगर पुढे आला.

आता डोंगर आणि राजवाडा यांच्यामध्ये राणीचा जाईचा मांडव तेवढा उरला होता. राजा गच्चीतून बघत होता. तबेला सपाट करून आलेला डोंगर मांडवाशी थांबला, अंग चोरून वळसा घालून पुढे आला.

राजा पळत खाली गेला आणि चिखलातून तसाच डोंगरावर चढला.

"महाराज, अजून दार ठरलं नाही," पोपट ओरडला.

राजानं ऐकलं नाही. "डोंगरबाई, तुम्हाला काय हवंय?"

"आधी चिखलाचे पाय खाली घ्या," डोंगर म्हणाला. "किती वर्षं सांगतेय."

राजा टुणकन खाली उतरला. "इंदू?"

"आपल्या वाड्यामागच्या त्या मायावी कुंभकानं शाप देऊन डोंगर केलं. कुणी काय हवंय विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अहो, मला घरी यायचंय."

एवढं म्हणताच डोंगर विरघळला. उरली इंदुमती राणी, अंबाड्यात 'जागा विकणे आहे' अशी पाटी. खजिनदार पाटी परत मागायला आला, पण तिची नजर बघून परत गेला.

राजानं दरबाराला तिसरं दार पाडलं. तिथून येणाऱ्याला आधी 'काय हवंय' एवढंच विचारायचं. पहिला आला मायावी कुंभक.

"झोप हवीय," तो म्हणाला. "राणीसाहेब पहाटे फार मोठ्यानं हसतात."

"मग हे तेव्हाच सांगायचं ना, भाऊजी," राणी म्हणाली.

"दोन्ही दारांत रांग होती."

तेव्हापासून राणी न्याहारीनंतर हसते, कुंभक उशिरापर्यंत झोपतो आणि राजा पाय धुऊन जेवायला बसतो. एकटा नाही.

मला काय हवंय, हे तू अजून विचारलं नाहीस. तरी सांगतो. ओंजळभर शेंगदाणे, गूळ वेगळा. पोपटाचा वाटा त्यातच धरलाय.