गोजराआजीचा पहिला घास

लई वर्षं झाली त्याला. डोंगरावर तेव्हा झाडं जास्त होती आणि माणसं कमी. त्या काळी दरेवाडीत गोजरा नावाची एक म्हातारी राहायची. सगळी वाडी तिला आजीच म्हणायची. ती, तिची विधवा सून साळू आणि साळूची लेक चिमणी, असं तिघींचं घर.

एका साली पाऊस आलाच नाही. कणग्या रित्या झाल्या. मग लोकांनी बियाणं खाल्लं, मग झाडपाला खाल्ला. तोही सरला तेव्हा आजीनं वाडीला कडूकंद दाखवला. रानातला कंद तो, विषारी. पण पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायच्या, की विष वाहून जातं. घरटी एक कंद यायचा आणि सगळ्यांचं एकाच हंड्यात शिजायचं. पहिला घास आजीचा. घास गिळून ती डोळे मिटून बसायची आणि मग म्हणायची, "वाढा." तोवर कुणी हात लावायचा नाही.

"आजी, तुला भ्या न्हाई वाटत?" कुणी विचारलंच, तर हसायची. "मी गेले तर तुमचं एक पान वाचंल की रं."

पण भूक वाईट. भुकेलं माणूस दुसऱ्याचा घास बघतं. पाणवठ्यावर बाया कुजबुजायच्या, "रोज पहिलं पान म्हातारीचं. बरी युक्ती काढलीय." साळू ते ऐकायची. चिमणीच्या बरगड्या दिसायला लागल्या, तसं तिलाही ते खरं वाटायला लागलं.

मग ओढ्याची धार तुटली. खडकात नुसता एक डोह उरला. त्या दिवशी टोपली ठेवायची पाळी साळूची होती. पाणी ते पाणी, असं म्हणून तिनं टोपली डोहात ठेवली. वाहतं पाणी विष नेतं, उभं पाणी ते तिथंच धरून ठेवतं, एवढं तिच्या ध्यानात आलं नाही.

हंडा शिजला. आजीनं घास तोंडात घेतला आणि थुंकला.

"टाकून द्या. इख उतरलं न्हाई."

कुणी हललं नाही. पोरं पानं धरून बसलेली.

"परवापासनं पोरीच्या पोटात काय न्हाई, आत्याबाई," साळू म्हणाली.

"साळे, पोरीला मागं घे."

"का? तुमास्नी एकटीला पायजे म्हणून? रोज आधी तुमीच खाताय!"

चिमणीचा हात हंड्याकडे गेला होता. असं म्हणतात, म्हातारीनं चिमणीचं पान ओढून घेतलं, भरभरून वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर शेवटच्या चकतीपर्यंत खाल्लं.

"आता बघत बसा," म्हणाली.

वाडी बघत बसली. आधी आजीचे ओठ सुजले, मग आवाज गेला. तरी ती हंड्याला पाठ लावून ताठ बसली, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून. दिवस मावळताना साळूनं तिला हलवलं, तर आजी गार. हंडा अजून कोमट होता.

तिला डोहाच्या वरच्या अंगाला पुरलं. शेवटची माती लोटली आणि खालचा खडक फुटला, असं म्हणतात. आभाळात ढग नव्हता, पण ओढा वाहायला लागला. त्या धारेत कंद धुऊन वाडी जगली, चिमणीही जगली.

साळू पुष्कळ जगली. वाडीत सगळ्यांत म्हातारी झाली तेव्हा पहिला घास तिच्याकडे आला. कंद कितीही धुतलेला असो, तिला तो कडूच लागायचा, असं म्हणतात. ती गिळायची, डोळे पुसायची आणि "वाढा" म्हणायची.

अजूनही वैशाखातल्या अवसेला दरेवाडीत घरोघरची चूल बंद असते आणि एकच हंडा चढतो. शहरात गेलेली माणसंसुद्धा आपला कंद घेऊन येतात. सगळ्यांत म्हातारी बाई पहिला घास घेते आणि वाडी गप्प बसते. लेकरं चुळबुळ करतात, आया त्यांचे हात धरून ठेवतात. म्हातारी कितीही वेळ लावो, "आटपा आजी" म्हणायला दरेवाडीत कुणाची जीभ उचलत नाही.